‘काही बिघडलेलं नाही’ हे कशावरून म्हणायचं? : पायथनच्या कंटेनर-इमेज आणि त्यांची तपासणी

गेल्या दोन व्याख्यानांत आपण अभाव या पदार्थाविषयी बोललो. भूतलावर घट नाही, हे ज्ञान आपल्याला होतं ते कसं, नैयायिक त्याला प्रत्यक्षात का घालतात आणि भाट्ट मीमांसक व अद्वैती त्यासाठी अनुपलब्धी हे वेगळं प्रमाण का मानतात, एवढं आपण पाहिलं. व्याख्यान संपल्यावर एका श्रोत्यांनी जरा खोचकच प्रश्न विचारला, ‘सर, आज या घटाच्या अभावाशी कोणाला काय देणंघेणं आहे?’ त्यांचं उत्तर आज द्यायचं आहे, आणि ते एका अनपेक्षित ठिकाणाहून द्यायचं आहे. पायथन नावाची प्रोग्रॅमिंगची भाषा आहे. ती तयार स्वरूपात डब्यात भरून लोकांना पुरवली जाते. हे डबे वर्षानुवर्षं सांभाळायचे आणि तपासायचे कसे, हा आजचा विषय.

आम्ही संगणकशास्त्राचे नव्हे. या विषयात शिरलो ते अडचणीपोटी. आमच्या एका सहकाऱ्यांनी निवृत्तीनंतर पायथन शिकून न्यायशास्त्रातल्या संज्ञा शोधून देणारा एक छोटा प्रोग्रॅम लिहिला होता. शब्द टाकायचा, की तो कुठे कुठे आला आहे आणि कोणी त्याचं लक्षण काय केलं आहे, हे समोर यायचं. वापरणारे फार नव्हते, एम. ए.ची काही मुलं, पीएच.डी. करणारे दोघेतिघे आणि आम्ही. एका माजी विद्यार्थ्याने तो कंटेनरमध्ये बसवून भाड्याच्या सर्व्हरवर ठेवून दिला. काही वर्षं तो बिनतक्रार चालला. मध्यंतरी सहकारी गेले. २०२५च्या सुरुवातीला सर्व्हर बदलायची वेळ आली, तेव्हा त्याच फाइलींवरून तोच डबा पुन्हा बांधायला घेतला. डबा बांधला गेला, पण प्रोग्रॅम उठेचना. ‘सीजीआय नावाचं मॉड्यूल सापडत नाही’ एवढंच म्हणून गप्प.

आम्ही त्यात एक अक्षरही बदललं नव्हतं. हे वाक्य आम्ही त्या आठवड्यात किती वेळा उच्चारलं असेल! आणि ज्यांना विचारावं, ते तर आता नव्हते.

आधी कंटेनर म्हणजे काय ते पाहू. अवघड नाही. कुठलाही प्रोग्रॅम एकटा चालत नाही. त्याला भाषेची यंत्रणा लागते, शंभर लहानमोठ्या लायब्ररी लागतात, ठरावीक जागी ठरावीक फाइली लागतात. हा सगळा संसार एकत्र बांधून ठेवला, की त्याला इमेज म्हणतात. (‘प्रतिमा’ म्हटलं तर लोकांना छायाचित्र वाटतं, म्हणून इमेजच म्हणू.) ही इमेज चालू केली, की जे जिवंत होतं तो कंटेनर. इमेज कशी बांधायची याची कृती एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहिलेली असते, तिला डॉकरफाइल म्हणतात. अमुक पायावर उभी करा, अमुक गोष्टी बसवा, अमुक काढून टाका, असं ओळीओळीने लिहिलेलं असतं. लिनक्समध्ये यासाठीची सामग्री आधीपासून होती; पण सामान्य प्रोग्रॅमरच्या हाती ती आली डॉकरमुळे. २०१३च्या मार्चमध्ये कॅलिफोर्नियात पायथनवाल्यांचीच परिषद भरली होती, आणि तिथे पाच मिनिटांच्या छोट्या भाषणात सॉलोमन हाइक्स यांनी डॉकर पहिल्यांदा जाहीरपणे दाखवलं. म्हणजे पायथन आणि हे डबे यांचं नातं जन्मापासूनचं.

एक गोष्ट मात्र इथेच पक्की करू, पुढे ती लागणार आहे. कंटेनर हा स्वतंत्र संगणक नव्हे. वेदान्तातलं घटाकाशाचं उदाहरण आपल्याला पाठ आहे. घटातलं आकाश वेगळं वाटतं, पण आकाश एकच. भिंती तेवढ्या घटाच्या. कंटेनरचं तसंच. आतल्या फाइली त्याच्या स्वतःच्या, पण कर्नल, म्हणजे यंत्राशी प्रत्यक्ष बोलणारा गाभा, हा बाहेरच्या यजमान संगणकाचा. दहा कंटेनर चालू असले तरी कर्नल एकच.

आता पायथनची इमेज घेऊ. डॉकर हब या कोठारात काही इमेज ‘अधिकृत’ म्हणून ठेवलेल्या असतात, त्यांत पायथनची एक. जगभरचे लोक ‘पायथन’ एवढं नाव लिहून ती उचलतात. अधिकृत म्हणजे पायथनच्या संस्थेने बनवलेली, असा आमचा समज होता. तो चूक निघाला. ती सांभाळतात डॉकरच्या बाजूची मंडळी, आणि पायथनखेरीज रूबी, गो, पोस्टग्रेस अशा कितीतरी इमेज एकाच घरच्या शिस्तीत बांधल्या जातात. त्या सगळ्यांची तपासणी एका सामायिक चाचणीसंचातून होते. हा संच उघड आहे, कोणीही वाचावा. आम्ही तो वाचला, आणि खरं सांगायचं तर अभावाच्या प्रकरणावरची उदाहरणं वाचतो आहोत असं वाटलं.

कसं ते बघा. पायथनची भाषा तिच्या मूळ सांकेतिक मजकुरापासून कम्पाइल करून इमेजमध्ये बसवली जाते. आता पायथनचे काही भाग दुसऱ्यांच्या लायब्ररींवर अवलंबून असतात. फाइली आवळून लहान करायचे दोन प्रकार, बीझेड-टू आणि एलझेडएमए. एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस. ओळ टंकताना मागेपुढे जाता यावं यासाठीची रीडलाइन. कम्पाइल करताना यांपैकी एखादी लायब्ररी हाताशी नसेल तर काय व्हावं? आपल्याला वाटेल, काम थांबावं आणि ओरडावं. तसं होत नाही. पायथन म्हणतं, हे भाग ऐच्छिक आहेत. ते गाळून उरलेलं सगळं नीट बांधतं, आणि हजारो ओळींच्या शेवटी, अमुक मॉड्यूलांसाठीची सामग्री मिळाली नाही, असं हळूच नोंदवतं. बांधणी यशस्वी! ती शेवटची ओळ कोण वाचतो? यंत्र तर वाचत नाही.

म्हणजे दोष निर्माण होतो तो काही तुटल्यामुळे नव्हे, तर काही नसल्यामुळे. आणि नसणं आवाज करत नाही.

मग ते पकडायचं कसं? इथे न्यायातली एक संज्ञा आठवा : प्रतियोगी. अभाव हा कधीच नुसता नसतो. तो कशाचा तरी अभाव असतो, आणि ज्याचा अभाव, तो प्रतियोगी. घट ठाऊक नसलेल्या माणसाला ‘घट नाही’ हे ज्ञान होऊच शकत नाही. त्याला मोकळं भूतल दिसेल, बस. इमेजची चाचणी लिहिणाऱ्यावर नेमका हाच प्रसंग येतो. ‘सगळं आहे ना?’ असा प्रश्न यंत्राला विचारता येत नाही. ‘एलझेडएमए आहे का? एसक्यूलाइट आहे का? रीडलाइन आहे का?’ असं एकेकाचं नाव घेऊन विचारावं लागतं. त्या संचात पायथनसाठीची एक चाचणी आहे, ती हेच करते. एकेक मॉड्यूल नावाने बोलावते. नुसतं बोलावून थांबत नाही, तर ‘चालतंय, चालतंय, चालतंय’ अशा अर्थाचं एक वाक्य घेते, ते आवळते, पुन्हा सोडवते, आणि जसंच्या तसं परत आलं का ते पाहते. (त्याच चाचणीत, आपण पायथनच्या जुन्या दुसऱ्या आवृत्तीवर आहोत का हे ओळखणाऱ्या खुणेला ‘गुहामानव’ अशा अर्थाचं नाव दिलेलं आहे. तपासणीच्या कामातही माणसं विनोद करतात, बरं वाटलं.)

दुसरी अट योग्यतेची. अंधाऱ्या खोलीत घट दिसला नाही, म्हणून घट नाही असं म्हणता येत नाही. असता तर दिसला असता, अशी स्थिती असेल तरच न दिसणं हे ज्ञानाचं साधन होतं. यालाच योग्यानुपलब्धी म्हणतात. डच संगणकशास्त्रज्ञ एड्सखर डाइकस्ट्रा यांचं मत प्रसिद्ध आहे, की चाचणीने चुका आहेत हे दाखवता येतं, नाहीत हे दाखवता येत नाही. मीमांसक त्यांना म्हणाला असता, अहो, दाखवता येतं, पण त्या विशिष्ट चुकीपुरतं, आणि ती असती तर तुमची चाचणी नापास झालीच असती हे आधी सिद्ध केलं असेल तरच. म्हणून जाणती मंडळी चाचणी लिहिली की ती मुद्दाम बिघडवलेल्या इमेजवर आधी चालवून बघतात. तिथे ती नापास झाली नाही, तर खोलीत दिवा नाही असं समजायचं.

आता ‘स्लिम’ नावाच्या प्रकाराकडे येऊ. पायथनची लिनक्सवरची इमेज मुख्यतः तीन रूपांत मिळते. पूर्ण रूप डेबियन या लिनक्सवर, अवजारांसकट. स्लिम हेही डेबियनवरच, पण हलकं केलेलं. तिसरं अल्पाइन नावाच्या चिमुकल्या लिनक्सवर. स्लिम बांधताना आधी कम्पाइल करायची सगळी अवजारं आणतात, काम उरकतात, आणि मग ती काढून टाकतात. लग्नघरी मांडव उतरवावा तसं. पण मांडव उतरवताना घराचा खांब उपटला जाऊ नये, म्हणून डॉकरफाइल प्रत्येक तयार फाइलला विचारते, तुला चालायला कोणती लायब्ररी लागते? ज्यांची नावं येतात त्यांवर ‘राहू द्या’ अशी खूण करते आणि बाकीचं सोडते. यातून एक गोष्ट मुद्दाम वगळलेली आहे. टीकेइंटर, म्हणजे पडद्यावर खिडक्या नि बटणं काढणारा भाग. सर्व्हरवरच्या डब्यात खिडक्या कोणाला हव्यात? म्हणून त्याच्या लायब्ररीला ‘राहू द्या’ म्हटलं जात नाही. परिणाम असा, की स्लिममध्ये टीकेइंटरचं मॉड्यूल आहे, पण ज्याच्या जिवावर ते चालायचं तेच नाही. बोलावलं की चूक येते. हा दोष नव्हे, ठरवून केलेला अभाव आहे. नवख्याला मात्र दोन्ही सारखेच दिसतात. तेव्हा इमेज सांभाळणाऱ्याला दोन याद्या ठेवाव्या लागतात : काय असलंच पाहिजे, आणि काय नसलं तरी चालेल. दुसरी यादी सहसा कोणी लिहून ठेवत नाही. आमच्या मते ती पहिलीहून महत्त्वाची.

काळवेळेचं उदाहरण आपल्या जवळचं आहे. सामायिक चाचण्यांतली एक चाचणी फक्त एवढंच बघते, की इमेजचं घड्याळ यूटीसीवर आहे. म्हणजे पुण्यात सकाळचे साडेदहा वाजले की कंटेनर पाच म्हणतो. ते बरोबरच आहे. जगभर जाणारा डबा कुठल्या गावाची वेळ धरणार? पण प्रोग्रॅमला भारतीय वेळ हवी असेल तर? पायथनच्या ३.९ आवृत्तीपासून ‘आशिया/कोलकाता’ असं नाव दिलं की ती वेळ काढून देणारं मॉड्यूल भाषेतच आलं. त्याची गोम अशी, की कुठल्या गावची वेळ किती पुढेमागे, ही माहिती ते स्वतःजवळ ठेवत नाही, यजमान प्रणालीच्या तक्त्यांतून घेतं. हलक्या इमेजमध्ये ते तक्तेच नसले तर कोलकाता सापडत नाही! म्हणून हे तक्ते स्लिममध्ये मुद्दाम बसवावे लागले. हलकं करण्याच्या नादात काय काय वाहून जातं, याचा हा नमुना.

तसंच लिपीचं. पायथनच्या ३.७च्या आधीच्या आवृत्त्या, भोवतालची भाषा कोणती हे सांगितलं नसेल, तर सगळं जग इंग्रजी मुळाक्षरांत लिहितं असं धरून चालायच्या, आणि देवनागरीचं एक अक्षर छापायला सांगितलं की कोलमडायच्या. इमेजच्या डॉकरफाइलमध्ये यासाठी एक ओळ घातलेली होती, भोवतालची लिपी यूटीएफ-८ आहे असं सांगणारी. आमच्या सहकाऱ्यांचा प्रोग्रॅम पहिल्या दिवसापासून मराठीत नि संस्कृतात बोलला, तो त्या एका ओळीच्या पुण्याईवर. हे आम्हाला कळलं ते गेल्या वर्षी.

अल्पाइनची कथा जरा वेगळी आहे, आणि थोडी थांबून सांगण्यासारखी आहे. लिनक्सवरचा जवळजवळ प्रत्येक प्रोग्रॅम सी भाषेच्या एका मूळ लायब्ररीवर उभा असतो. डेबियनमध्ये ती ग्लिबसी, अल्पाइनमध्ये मसल. मसल काटकसरी आहे. एकाच प्रोग्रॅममध्ये समांतर कामं चालतात त्यांना थ्रेड म्हणतात, आणि प्रत्येक थ्रेडला हिशेबाची चळत ठेवायला थोडी जागा मिळते. मसल ती फारच थोडी देतं. आता पायथनमध्ये एखादं फंक्शन स्वतःलाच हाक मारत राहिलं, अनवस्था-प्रसंग, तर भाषा हजाराच्या आसपास पोचल्यावर ते थांबवते आणि ‘मर्यादा ओलांडली’ असं सांगते. प्रोग्रॅमला सावरायची संधी मिळते. पण अल्पाइनच्या थ्रेडमध्ये हजाराच्या आधीच जागा संपायची. मग भाषेला बोलायला वावच उरत नाही. अख्खा प्रोग्रॅम निरोप न घेता मरतो. म्हणून अल्पाइनची इमेज बांधताना थ्रेडची जागा एक मेगाबाइट करून घेतात, आणि ते खरंच झालं आहे का हे पाहायला एक स्वतंत्र चाचणी आहे. ही चाचणी प्रोग्रॅम चुकतो का हे बघत नाही. तो चुकल्यावर नीट सांगून चुकतो का, हे बघते.

सामायिक संचात आणखी एक चाचणी आहे, तिच्या नावातच २०१४ हे साल आहे. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये बॅश या सर्वत्र असणाऱ्या शेलमध्ये शेलशॉक नावाची मोठी फट सापडली होती. ती कधीच बुजवली गेली. तरी आजही नवी इमेज आली की ती चाचणी चालते. दुसरी एक पाहते, की कोणी खात्याचा पासवर्ड इमेजमध्ये कोरून तर ठेवला नाही ना. वाचत गेलं की लक्षात येतं, या चाचण्या कोणी एका बैठकीत विचार करून रचलेल्या नाहीत. एकेक कुठल्यातरी ठेचेनंतर आलेली आहे. प्रतियोगी आधी ठाऊक असावा लागतो असं आपण म्हटलं; तो ठाऊक होतो तो असा, ठेच लागून.

मध्येच एकांनी प्रश्न केला, तो घेऊ. ते म्हणाले, ‘एकदा तपासून चांगली निघाली, तर पुन्हा पुन्हा कशाला बांधायची?’ प्रश्न रास्त आहे. लोणचं एकदा मुरलं की बरणी कशाला उघडा! पण इमेजमध्ये पायथन एकटं नसतं, खाली अख्खं डेबियन असतं, आणि त्याच्या लायब्ररींत नव्या फटी सापडत राहतात. बरणी तशीच असते, बाहेरच्या लोकांना ती कशी फोडायची हे नव्याने कळलेलं असतं. म्हणून पायाची डेबियन इमेज साधारण महिन्याला तरी नवी होते, आणि ती झाली की तिच्यावर उभ्या असलेल्या पायथन आणि इतर इमेज पुन्हा बांधल्या जातात, पायथनचं एक अक्षर बदललेलं नसलं तरी.

इथे नाव आणि वस्तू यांचा प्रश्न येतो. ‘पायथन:३.१२’ हे टॅग आहे, म्हणजे पाटी. पाटीखालचा डबा महिन्याला बदलतो. डब्याची खरी ओळख हवी असेल तर त्याचा डायजेस्ट असतो : आतल्या मजकुरावरून एसएचए-२५६ या गणिताने काढलेली चौसष्ट अंकाक्षरांची खूण. आत एक टिंब बदललं तरी खूण बदलते. मग खूणच का वापरू नये? कारण खूण धरून बसलात तर डबा कधीच बदलणार नाही, आणि त्याबरोबर त्यातल्या फटीही बदलणार नाहीत. पाटी धरलीत तर दुरुस्त्या आपोआप येतील, आणि त्यांच्यासोबत कधी न मागितलेले बदलही. दोन्हींतून सुटका नाही. आम्ही बरेच दिवस सुटका शोधत होतो, म्हणून सांगतो.

२०२३च्या जूनमध्ये हे ठळकपणे दिसलं. डेबियनची बारावी आवृत्ती, बुकवर्म, १० जूनला आली, आणि थोड्याच दिवसांत पायथनच्या साध्या पाट्या अकरावीवरून बारावीवर सरकल्या. इमेज बांधल्या गेल्या, चाचण्या पास झाल्या. आणि तरी काही लोकांच्या यंत्रांवर प्रोग्रॅम उठताच मरू लागले. तक्रार एवढीच, की नवा थ्रेड सुरू करता येत नाही.

आता ते घटाकाश आठवा. बुकवर्ममधली नवी ग्लिबसी थ्रेड सुरू करायला कर्नलकडे एका नव्या पद्धतीने मागणी करते. कर्नलने ‘अशी सोय माझ्याकडे नाही’ म्हटलं, तर ती मुकाट्याने जुन्या पद्धतीवर येते. पण कंटेनर आणि कर्नल यांच्यामध्ये डॉकरचा एक द्वारपाल उभा असतो, आणि डॉकरच्या जुन्या आवृत्त्यांतल्या द्वारपालाला ही नवी मागणी ओळखीची नव्हती. तो म्हणायचा, ‘परवानगी नाही.’ ग्लिबसीने ऐकलं, सोय आहे पण मला मनाई आहे. मग जुन्या पद्धतीकडे वळायचं कारणच उरलं नाही. ती थांबली. एक अभाव, दुसरा निषेध. मराठीत दोन्हींना आपण ‘नाही’च म्हणतो, आणि त्या एका ‘नाही’च्या घोटाळ्यात चालती कामं बंद पडली. डॉकरने ही दुरुस्ती २०२१च्या ऑक्टोबरमध्येच केली होती. पण ज्यांनी आपलं डॉकर अद्ययावत केलं नव्हतं ते २०२३मध्ये अडकले. चाचण्यांनी हे का पकडलं नाही? कारण त्या चालल्या बांधणाऱ्यांच्या यंत्रांवर, आणि तिथला द्वारपाल नवा होता. घट तपासला, आकाश दुसऱ्याचं होतं.

याहून अस्वस्थ करणारं उदाहरण एक्सझेडचं. मघाशी एलझेडएमए आवळून-सोडवून बघणारी चाचणी सांगितली. ते काम करणारी लायब्ररी एक्सझेड या प्रकल्पाची. २०२४च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये तिच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत कोणीतरी चोरदरवाजा बसवला. बसवणाऱ्याने दोनेक वर्षं त्या प्रकल्पात इमानाने काम करून विश्वास कमावला होता. २९ मार्चला आंद्रेस फ्रॉइंड यांनी तो जाहीर केला. त्यांना तो सापडला कारण दूरच्या यंत्रात शिरताना नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागत होता, आणि ते त्यांना खटकलं. डेबियनच्या स्थिर आवृत्तीत ते पोचलं नव्हतं, त्यामुळे तिच्यावर उभी असलेली पायथनची इमेज बचावली. पण समजा पोचलं असतं. ‘चालतंय, चालतंय, चालतंय’ हे वाक्य आवळलं गेलं असतं, सोडवलं गेलं असतं, आणि चाचणी पास झाली असती. चोरदरवाजा हा प्रतियोगी कोणाच्या यादीतच नव्हता. फ्रॉइंड यांच्याही नव्हता. त्यांच्याकडे होता तो नेहमी किती वेळ लागतो याचा अंदाज. हे ज्ञान कुठल्या प्रमाणात बसवायचं, यावर आम्ही अजून विचार करतो आहोत.

आता आमच्या डब्याकडे वळू. विद्यार्थ्याने डॉकरफाइलच्या पहिल्या ओळीत पाया म्हणून लिहिलं होतं ‘पायथन:३’. म्हणजे तिसऱ्या पिढीतलं जे सर्वांत नवं असेल ते. पायथनची नवी आवृत्ती दर ऑक्टोबरात येते, आणि ऑक्टोबर २०२४मध्ये ३.१३ आली. तिच्यात भाषेबरोबर येणारी एकोणीस जुनी मॉड्यूलं काढून टाकली होती; सीजीआय त्यांतलं एक. हे लपूनछपून झालं नव्हतं. आधीच्या दोन आवृत्त्या सूचना देत होत्या, पण चालू डब्यात शिरून ती सूचना कोण वाचणार? जुना डबा चालू होता तोवर काही जाणवलं नाही. नवा बांधला, आणि त्याच पाटीखाली दुसरीच वस्तू आली.

पहिली दुरुस्ती एका अंकाची : ‘पायथन:३’च्या जागी ‘पायथन:३.१२-बुकवर्म’. प्रोग्रॅम उठला. डेबियनचं नाव जोडायला त्या इमेजचे कर्तेच सांगतात. वरून आणखी काही पॅकेज बसवणार असाल तर पाया कोणता हे स्पष्ट लिहा, म्हणजे पुढच्या डेबियनला गडबड कमी होईल. आम्ही बसवत होतो, आणि तिथेही एक फसगत होती. डेबियनच्या दुकानातून पायथनचं एखादं पॅकेज आणलं, तर ते डेबियनच्या स्वतःच्या पायथनसाठी बसतं. इमेजमधलं मुख्य पायथन वेगळ्या खोलीत असतं, त्याला ते दिसतही नाही. एका घरात दोन पायथन. यात आमचे दोन दिवस गेले.

पण ३.१२लाही मुदत आहे. प्रत्येक आवृत्तीला साधारण पाच वर्षं. हिची ऑक्टोबर २०२८मध्ये संपेल. मुदत संपली की इमेज नव्याने बांधणं थांबतं. पाटी मात्र तशीच लटकत राहते. पायथन २.७ची मुदत १ जानेवारी २०२०ला संपली, शेवटचं प्रकाशन त्या एप्रिलमध्ये झालं, पण इमेज मागितली तर आजही मिळते. दुकान बंद, पाटी जागेवर. म्हणून सीजीआयवर अवलंबून असलेला प्रोग्रॅमचा भाग आम्ही आणि तो विद्यार्थी मिळून नव्याने लिहीत आहोत. साठेक ओळी आहेत. सहकाऱ्यांच्या मूळ ओळी टिपण म्हणून शेजारी ठेवल्या आहेत.

आणि चाचण्या लिहिल्या. फक्त चार. पहिली, ‘अभाव’ हा शब्द देवनागरीत पाठवून उत्तर देवनागरीतच येतं का. दुसरी, जोडाक्षरांचा शब्द, ‘योग्यानुपलब्धि’. तिसरी, कोशात नसलेला शब्द टाकला तर ‘सापडला नाही’ असं येतं का, की रिकामं पान येतं. कारण शब्द नसणं आणि शोध न चालणं, या दोन ‘नाहीं’मध्ये विद्यार्थ्याला फरक कळला पाहिजे. चौथी, शब्दांची एकूण संख्या सहकाऱ्यांनी वहीत लिहून ठेवली होती तेवढीच भरते का. महिन्यातून एकदा डबा नव्याने बांधला जातो, या चार चाचण्या चालतात, आणि पास झाल्या तरच जुन्याच्या जागी नवा जातो. जुन्याचा डायजेस्ट आम्ही कागदावर लिहून ठेवतो, परत फिरायची वेळ आली तर.

मागच्या महिन्यात तिसरी चाचणी नापास झाली. शोधलं, तर आमच्याच नव्या ओळींत चूक होती. ‘सापडला नाही’ऐवजी रिकामं पान येत होतं. विद्यार्थ्याचा रात्री साडेअकराला फोन आला, ‘सर, चाचणी नापास झाली.’ आवाज असा, की पास झाल्यासारखा.